कूलर बंद झाला अन् डोक्यात रातकिडे बोलू लागले

आलेला प्रश्न थोडक्यात असा: वय ५२. घाटंजी तालुक्यात कोरडवाहू शेती, हंगामात जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात काम. ‘दसऱ्याला कूलर काढून ठेवला, तेव्हापासून रात्री निजलो की डोक्यात रातकिडे किर्र करतात. कानात नाही, डोक्याच्या मधोमध. झोप लागता लागता दोनदा डोक्यात सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज झाला. दचकून उठलो, तर घरात कोणीच काही ऐकलं नव्हतं. सकाळी उजव्या कुशीवर वळलो की खाट फिरते. घरचे म्हणतात करणी आहे, भगताकडे दोन फेऱ्या झाल्या. मेहुणे म्हणतात मेंदूत गाठ असेल, नागपूरला जाऊन एमआरआय कर. सुपारी-तंबाखूचा खर्रा खातो. मी पागल होत आहे का?’

भाऊ, तुम्ही पागल होत नाही. गाठ असण्याची शक्यताही तुमच्या वर्णनात फार कमी दिसते. तरी एका वाक्यात समाधान होणार नाही हे मला माहीत आहे. मी सत्तावीस वर्षं तालुक्याच्या गावी कान-नाक-घशाची प्रॅक्टिस करतो, आणि ‘डोक्शात आवाज येते जी’ हे वाक्य ऐकलं नाही असा आठवडा मला आठवत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही सहज लिहून गेलात त्या एका ओळीत माझं अर्धं निदान आहे. दसऱ्याला कूलर काढला. आपल्याकडचा कूलर म्हणजे काय ते पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला समजावून सांगावं लागतं. पत्र्याचा डबा, वाळ्याच्या ताट्या, खडखडणारा पंखा. उन्हाळाभर तो डोक्याशी धडधडत असतो, आणि पावसाळ्यातही कितीतरी घरांत पाणी न टाकता नुसता पंखा चालू राहतो. म्हणजे सहा-सात महिने तुमच्या रात्रीला एक जाड आवाजाची गोधडी पांघरलेली होती. दसऱ्याला ती काढली. माझ्या मते तुमचा किर्र आवाज दसऱ्याला सुरू झालेला नाही. तो आधीपासून होता, दसऱ्याला तो ऐकू यायला लागला. कोजागिरीपासून दिवाळीपर्यंत माझ्याकडे असे पेशंट दरवर्षी वाढतात. पहिली काही वर्षं मी त्याचं खापर हवापालटावर फोडत होतो.

शांततेत डोक्यातला आवाज ऐकू येणं किती सर्वसाधारण आहे, हे १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन यांनी दाखवलं. ऐकण्याची काहीही तक्रार नसलेल्या ८० माणसांना त्यांनी एकेक करून अगदी नीरव खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते सांगायला लावलं. त्यातल्या ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज सांगितला: गुणगुण, किर्र, शिट्टी. ही सगळी धडधाकट माणसं होती. तेव्हा आवाज असणं वेगळं आणि आवाजानं झोप उडणं वेगळं. तुमची झोप उडाली आहे, म्हणून त्याचा विचार करायला हवा.

तुमच्या बाबतीत आवाज कुठून येतो, याचा माझा अंदाज जिनिंगकडे जातो. आतल्या कानात शंखासारखी वळलेली एक नळी असते, साधारण हरभऱ्याच्या दाण्याएवढी. तिच्यात केसांसारखे तुरे असलेल्या सुमारे पंधरा हजार पेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. बारीक, उंच सुराचे आवाज ओळखणाऱ्या पेशी शंखाच्या तोंडाशी, आत येणाऱ्या प्रत्येक आवाजाच्या वाटेवर. शेताच्या फाटकाजवळची पेर जशी बैलगाडीखाली आधी तुडवली जाते, तशा त्याच आधी जातात. म्हणून जिनिंग, थ्रेशर, पिठाची चक्की, ट्रॅक्टर आणि पाठीवरचा पेट्रोलचा फवारणी पंप यांच्याजवळ वर्षानुवर्षं राबलेल्या माणसाला बोलणं ऐकू येतं, पण पाखराची बारीक चिवचिव ऐकू येत नाही. त्याला वाटतं, कान ठणठणीत आहेत.

कानाकडून येणारी खबर कमी झाली की मेंदू गप्प बसत नाही. रेडिओवर नागपूर केंद्र नीट लागत नसलं की आपण बटण पिळून आवाज वाढवतो, आणि गाण्याबरोबर खरखरही वाढते. तसंच होतं. हरवलेल्या सुराच्या जागी मेंदू स्वतःचं बटण पिळतो आणि तुम्हाला रातकिडे ऐकू येतात. दोन्ही कानांचं नुकसान सारखं असलं की आवाज कानात न वाटता डोक्याच्या मधोमध वाटतो. दोन्ही कानांत इअरफोन घातले की गाणं डोक्यात वाजतं ना, तेच गणित. त्यामुळे ‘कानात नाही, डोक्यात’ या तुमच्या शब्दांनी मेहुणे घाबरले असतील, मला उलट हायसं वाटलं. मी जास्त जपतो तो एकाच कानातल्या आवाजाला.

आता बॉम्बचं. पेशंट हे सांगताना हमखास आवाज खाली आणतात, कारण सांगितलं तर समोरचा हसेल अशी भीती असते. याचं वर्णन अमेरिकेतले डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी १८७६ साली करून ठेवलं आहे. पुढे १९८०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडचे मेंदूविकारतज्ज्ञ पिअर्स यांनी त्याला नाव दिलं, ‘एक्स्प्लोडिंग हेड सिंड्रोम’. नाव भयंकर आहे, आजार तसा नाही. झोप लागताना मेंदूचे एकेक दिवे क्रमाने मालवायचे असतात. कधी क्रम चुकतो आणि ऐकण्याचा भाग विझण्याऐवजी क्षणभर भडकतो, असं आज मानलं जातं. फटाका, बंदूक, दार आपटल्याचा आवाज, कोणाला सोबत उजेडाची चमक, आणि छातीत धडधड. दुखत मात्र नाही. जागरण आणि काळजी वाढली की हे वाढतं. करणीच्या भीतीने तुम्ही रात्र रात्र जागत असाल, तर पुढचा बॉम्ब त्या भीतीच्या दारूनेच भरला जातोय. बहुतेकांना हे काय आहे एवढं कळलं की पुरतं. औषध फार क्वचित लागतं.

इथे एक फरक नीट ध्यानात ठेवा. आवाज न होता एका क्षणात डोकं फुटेल अशी वेदना झाली, आयुष्यात कधी झाली नव्हती एवढी, तर ती मेंदूतल्या रक्तस्रावाची असू शकते. तेव्हा सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करायचा.

खाट फिरण्याची गोष्ट या दोन्हींहून निराळी. तिघं एकाच वेळी घरात शिरले म्हणून तुम्ही त्यांना भाऊ-भाऊ समजलात. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या भागात चुनखडीचे सूक्ष्म कण असतात. (खर्र्यातल्या चुन्याशी त्यांचा काही संबंध नाही. एका पेशंटने त्यासाठी चुना सोडला, तंबाखू चालूच ठेवली.) वय, डोक्याला मार, कधी काहीच कारण नाही, पण हे कण सुटून शेजारच्या अर्धगोल नळीत जातात. कूस बदलली की घरंगळतात आणि मेंदूला खोटी खबर जाते की आपण फिरतोय. गरगर एका मिनिटाच्या आत थांबते, कूस बदलली किंवा डोकं हललं तरच येते, त्या वेळी ऐकू येण्यात फरक पडत नाही. तुम्ही उजवीकडे वळल्यावर येते म्हणता, म्हणजे बहुधा उजव्या कानातले कण.

यावर गोळ्या नाहीत, कसरत आहे. डॉक्टर जॉन एपली यांनी तिची पद्धत १९९२ साली लिहून प्रसिद्ध केली. पेशंटला टेबलावर झोपवून डोकं ठरलेल्या क्रमाने वळवायचं, प्रत्येक स्थितीत थोडा वेळ थांबायचं, की कण आले त्या वाटेने परत जातात. पाच मिनिटांचं काम. बऱ्याच जणांना एक-दोन वेळात आराम पडतो. आणि तरीही माझ्याकडे असे पेशंट येतात ज्यांनी चक्करेच्या गोळ्या सहा-सहा महिने खाल्लेल्या असतात. त्या गोळ्या दोन-चार दिवसांपुरत्या. त्याहून जास्त काळ घेतल्या तर मेंदूची स्वतःची तोल सावरण्याची शिकवणी बंद पडते. एपली घरी व्हिडिओ पाहून करू नका. आधी कोणता कान, कोणती नळी, हे डोळ्यांची थरथर पाहून ठरवावं लागतं, आणि मानेच्या मणक्याचा त्रास असला तर पद्धत बदलावी लागते.

मेहुण्यांच्या एमआरआयबद्दल. मी स्वतः एमआरआय लिहून देतो, पण तो कशासाठी हे ठरलेलं असतं. आवाज एकाच कानात असेल आणि त्याच कानाने कमी ऐकू येत असेल, तर ऐकण्याच्या नसेवर वाढणारी साधी गाठ नाही ना, ते पाहतो. तोंड वाकडं होणं, गिळायला त्रास, चालताना झोक जाणं, डोळ्यांपुढे अंधारी आणि सोबत डोकेदुखी, यात पाहतो. आणि आवाज नाडीबरोबर ठोके देत असेल तर.

या शेवटच्या आवाजाची एक चूक माझ्या खात्यावर आहे. प्रॅक्टिसचं पहिलं वर्ष होतं. राळेगावकडची एक बाई आली. ‘उशीवर डोकं टेकलं की भाता चालते जी, भस्स, भस्स.’ कान तपासले, स्वच्छ. मी म्हणालो, ताई, मनाला लावून घेऊ नका, आणि झोपेची गोळी दिली. मनगटावर बोट ठेवून तो भाता नाडीच्या तालात आहे का, एवढंही विचारलं नाही. तीन महिन्यांनी दम लागला म्हणून ती परत आली, ओठ पांढरेफटक. हिमोग्लोबिन पाचच्या खाली. रक्त इतकं पातळ की गळ्यातून, कानाजवळून ते खळाळत जात होतं, आणि ती तेच ऐकत होती. लोह भरून निघाल्यावर भाता बंद. मधल्या काळात सासरच्यांनी तिला दोन ठिकाणी ‘उतरवून’ आणलं होतं. तेव्हापासून असा आवाज सांगणाऱ्या बाईचे कान पाहण्याआधी मी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहतो. आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचीही तपासणी करून घेतो. थायरॉईड, रक्तदाब, कानामागच्या रक्तवाहिनीतला दोष, ही कारणंही याच आवाजात लपतात. म्हणून भाऊ, आज रात्री मनगटावर बोटं ठेवून पाहा, रातकिडे नाडीच्या ठेक्यावर बोलतात का. बोलत नसतील असं वाटतं, पण पाहा.

आवाज नेमका कसा आहे, ते मला पेशंटकडूनच कळतं, कारण त्याचं यंत्र माझ्याजवळ नाही. ऐकण्याची तपासणी होते, पण डोक्यातला आवाज तिच्यात दिसत नाही. ‘काहीतरी आवाज येतो’ म्हटलं की मी अंधारात. ‘गिळलं की टक्क होते’ म्हटलं की मी नाकामागून कानाकडे जाणारी नळी पाहतो. ‘घड्याळासारखी टकटक, पण नाडीशी जुळत नाही’ म्हटलं तर टाळूचा किंवा मधल्या कानाचा बारीक स्नायू फडफडत असतो. दात आवळले की सूर बदलतो म्हटलं तर जबडा आणि मान. पावसाळ्यात ‘कुरकुर आणि खाज’ म्हटलं तर बहुधा बुरशी, कारण कोणीतरी लसूण टाकून गरम केलेलं तेल कानात ओतलेलं असतं आणि वर काडी फिरवलेली असते. अचानक मिनिटभर एका कानात ‘टुंऽऽ’ होऊन विरलं, तर काहीच नाही, ते सगळ्यांना होतं.

शेळ्या राखणाऱ्या घरातला दहा वर्षांचा पोरगा आठवतो. ‘डोक्शात कोणीतरी चालते’ एवढंच म्हणायचा, आणि रात्री किंचाळायचा. भगताने त्याला पिंपळावरचं काही लागलं असं सांगितलं होतं. मी दुर्बीण लावली तर कानाच्या पडद्याला गोचीड चिकटलेली, जिवंत, पाय हलवत. ती हलली की पोराला ढोल वाजल्यासारखं वाटायचं. सुन्न करणारं औषध टाकून तिला आधी शांत केलं, मग चिमट्याने काढली. कानात किडा गेला तर काडी, पिन काही घालू नका. कान वाहत नसेल, पडद्याला छिद्र नसेल, तर कोमट तेलाचे दोन-चार थेंब टाकून किडा मारता येतो, पण गोचीड चिकटून बसते. तिला डॉक्टरच हवा.

आणि दारव्ह्याकडचे एक आजोबा, दोन्ही कानांनी जवळजवळ बहिरे. त्यांना रात्रभर खंजिरीवरचं भजन ऐकू यायचं, तुकडोजी महाराजांच्या ढंगाचं. गावात बोलबाला झाला की आजोबांना साक्षात्कार होतो, लोक पाया पडायला येऊ लागले. आजोबा मात्र वैतागलेले. ‘देवा, आता थोडं थांब तर म्हन त्याले, झोपू दे.’ बहिरेपणात मेंदू नुसती किर्र न काढता जुनी गाणीही लावतो. वेड नव्हे ते. श्रवणयंत्र बसवल्यावर बाहेरचे आवाज आत यायला लागले आणि भजन दिवसभर तरी थांबलं.

तुमच्या मूळ धास्तीकडे येतो. आवाज शब्द बोलत असेल, नाव घेऊन शिव्या देत असेल, अमुक कर म्हणून हुकूम सोडत असेल, आणि हे टक्क जागेपणी होत असेल, तर ते माझ्या खात्यातलं नाही, मनोविकारतज्ज्ञांच्या. तोही आजार आहे, त्यालाही औषध आहे. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो, आणि १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फुकट, रात्री-बेरात्रीही बोलता येतं. डोक्यातल्या आवाजाला कंटाळून जीव नकोसा झाला असला तरी हाच क्रमांक. झोपेच्या उंबरठ्यावर कोणी एकदा नावाने हाक मारल्याचा भास मात्र यात धरू नका. तो निरोगी माणसालाही होतो. आणखी एक: उदासीच्या किंवा घबराटीच्या गोळ्या कोणी एकदम बंद केल्या तर डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येतात. गोळी पुन्हा सुरू करून हळूहळू उतरवली की ते जातात. तुम्ही अशी गोळी घेतल्याचं लिहिलेलं नाही, पण भगताने दिलेल्या पुडीत काय होतं हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. ती पुडी सोबत आणा. मारहाण करून, धुरी देऊन, चटके देऊन ‘उतरवणं’ हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. गाडगेबाबा कीर्तनातून जे सांगत गावोगाव हिंडले, त्यासाठी आपल्याला शेवटी कायदा करावा लागला.

आता उपाय. किर्र आवाज मुळातून खुडून टाकणारी गोळी आज नाही. ‘कानाच्या नसेची’ म्हणून महिनोन्महिने लिहून देतात ती बीटाहिस्टिन अशा आवाजासाठी देऊ नये, असं ब्रिटनच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलं आहे. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) आणि झिंकलाही २०१४ सालीच नको म्हटलं. तो पैसा वाचवा. खरा उपाय शांतता मोडण्याचा आहे. रात्री पंखा चालू ठेवा, थंडी असेल तर पंख्याचं तोंड भिंतीकडे करून. किंवा रेडिओ हळू लावा, रातकिड्यांपेक्षा किंचित खालच्या आवाजात. त्यांना बुडवायचं नाही, त्यांच्यासोबत दुसरं काही ऐकायची मेंदूला सवय लावायची. घरावरच्या पत्र्यांचा आवाज नवीन सुनेला पहिल्या पावसाळ्यात झोपू देत नाही, तिसऱ्या पावसाळ्यात तिला तो ऐकूही येत नाही. मेंदूला धोका नाही हे पटलं की तो कान देणं सोडतो. त्याला काही महिने लागतात. ऐकण्याच्या तपासणीत जास्त घट निघाली तर श्रवणयंत्र लावा, लाजू नका. त्याने किर्रही उतरते.

जिनिंगवर कानात कापसाचा बोळा घालता का? बरेच जण घालतात, कापसाच्या मुलखात ते साहजिकही आहे. पण कापूस आवाज जवळजवळ अडवत नाही. फोमची बुचं मिळतात. ती बोटांनी पिळून बारीक करायची, कान वर-मागे ओढून आत सारायची आणि फुगेपर्यंत धरून ठेवायची. खूण सोपी आहे: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज ८५ डेसिबलच्या वर आहे. ८५ ला आठ तास चालतात, त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. लग्नातल्या डीजेसमोर मिनिटांतच हिशोब संपतो.

खर्र्याचं टाळून चालणार नाही. सुपारीने टाळू आखडते. टाळूचे स्नायू आखडले की कानाची नळी नीट उघडत नाही, कानांना दडे बसल्यासारखं होतं. दिवसभर चघळून जबड्याचा सांधाही कुरकुरतो, आणि तो सांधा कानाच्या अगदी पुढ्यात आहे. आरशासमोर तोंड उघडून आपली तीन बोटं उभी घालून पाहा. जात नसतील तर कानापेक्षा तोंडाची चिंता मोठी आहे, कारण तो कर्करोगाच्या वाटेवरचा थांबा असतो.

एका गोष्टीत उशीर करू नका. एखाद्या सकाळी उठलात आणि एका कानाने ऐकू येणंच बंद झालं, सोबत आवाज असो नसो, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. मळ असेल, बघू, असं म्हणत बसू नका. स्टेरॉईडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत, आणि जितकं लवकर तितका जास्त.

तुम्हाला घाई नाही, पण या महिन्यात दाखवा. यवतमाळचं शासकीय रुग्णालय, सेवाग्रामचं कस्तुरबा, नागपूरचं मेडिकल, तिन्हीकडे हा विभाग आहे. जिथे सोयीचं पडेल तिथे ऐकण्याची तपासणी, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन एवढं होऊ द्या. यापूर्वी टीबीची इंजेक्शनं घेतली असतील तर न विचारता सांगा, त्यातली काही ऐकण्याच्या पेशींना मारक असतात. एमआरआय लागेल की नाही ते ऐकण्याचा आलेख पाहून ठरेल. आणि येताना मोटरसायकल पोराला चालवू द्या. एपली केल्यावर थोडा वेळ पाय जमिनीवर टेकत नाहीत असं वाटतं.